आयोजक कोण?

रविवारची दुपार. बाहेर धो धो पाऊस आणि हॉस्पिटलच्या काउंटरवरची सिस्टर विचारतेय, "पेशंटचं पूर्ण नाव?"

आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. तीन वर्षं ओळखतो तिला. तिला जी. ए. आवडतात, मुराकामी डोक्यात जातो, रात्री दीड वाजता ती ग्रुपवर कविता टाकते... सगळं माहीत आहे. प्रोफाइल फोटोत एक काळी मांजर आहे, म्हणून सगळे तिला 'माऊ' म्हणतात. पण केसपेपरवर 'माऊ' कसं लिहिणार?

"वय? ब्लड ग्रुप? घरचं कोण आहे सोबत?"

चूप. एकदम चूप. कोणी फिल्टर कॉफीवर अर्धा तास बोलायला सांगितलं असतं तर आम्ही बोललो असतो. तिच्या घरचा नंबर मात्र एकाकडेही नव्हता.

आता थोडं मागे जाते.

आमचा एक पुस्तकवेड्यांचा ग्रुप आहे. नेटवर जमलेली माणसं. कोणी हिंजवडीत कोडिंग करतं, कोणी बँकेत आहे, कोणी सीएची आर्टिकलशिप करता करता म्हातारं होतंय. वर्षातून तीन-चारदा आम्ही प्रत्यक्ष भेटतो. मायबोलीकर अशा भेटीला 'गटग' म्हणतात, मिसळपाववाले 'कट्टा'. आमची असते 'अदलाबदल'. वाचून झालेली पाच पुस्तकं आणायची, दुसऱ्याची पाच न्यायची. फी नाही, स्पॉन्सर नाही. हॉलचं भाडं आणि वडापाव यांची काँट्री काढायची, विषय संपला.

या वेळी मी ग्रुपवर लिहिलं, "जागा मी बघते." या तीन शब्दांची किंमत मला नंतर कळली.

पेठेतल्या एका संस्थेचा पहिल्या मजल्यावरचा हॉल मिळाला. स्वस्त आणि मस्त. तिथल्या ऑफिसातल्या काकांनी एक छापील कागद पुढे सरकवला. पुणेरी पाट्या बघत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला असला कागद वाचायची सवय नसते, हसायची असते. 'हॉलची क्षमता ४० व्यक्ती.' 'मागील दार मोकळे ठेवावे.' 'जिन्यात सामान ठेवू नये.' 'बाहेरून विजेची उपकरणे आणू नयेत.' 'भिंतीस सेलोटेप चिकटवल्यास दंड होईल, सबब सांगू नये.' असे एकूण चौदा नियम. मी सेलोटेपच्या नियमाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. पटापट सत्तावीस हसरे चेहरे आले. आणि कागदाच्या तळाशी 'आयोजकाची सही' असं लिहिलं होतं तिथे मी बिनधास्त सही ठोकली.

रविवारी काय झालं बघा. 'नक्की येणार' म्हणणारे होते ३८. 'बघू' म्हणणारे चाळीसेक. 'बघू'वाले पावसाचे येणार नाहीत, असं आमचं गणित. ते सगळे आले! येताना कोणी रूममेट आणला, कोणी होणारा नवरा. सत्तर माणसं तरी असतील. शेजारच्या खोलीतून खुर्च्या ओढून आणल्या. पुस्तकांची खोकी ठेवायला जागा उरेना, म्हणून मागच्या दाराशी रचली. छत्र्या जिन्यात. चहावाल्याचा पत्ता नव्हता, तर एका उत्साही मेंबराने घरून इलेक्ट्रिक किटली आणली होती, ती एक्स्टेन्शन बोर्डाला जोडली. चौदातले चार नियम अर्ध्या तासात निकालात निघाले आणि आम्ही म्हणत होतो, काय धमाल गर्दी झालीये!

साडेबाराच्या सुमारास बोर्डातून 'फट्' असा आवाज आला. जळका वास, थोडा धूर आणि दिवे गेले. पावसामुळे खिडक्या लावलेल्या, त्यामुळे आत भरदुपारी अंधार. आग लागली नव्हती. पण कोणीतरी 'शॉर्टसर्किट!' असं ओरडलं आणि सत्तर माणसं एकदम एका दाराकडे निघाली. मागचं दार आमच्याच खोक्यांनी अडवलेलं. जिना ओला. माऊ वरच्या पायऱ्यांवरून घसरली, तिच्या अंगावर आणखी दोघं पडली. मनगट मोडलं, हनुवटीला पाच टाके.

हॉस्पिटलमध्ये तिचा फोन वाजला तेव्हा स्क्रीनवर 'बाबा' दिसलं आणि आमची सुटका झाली. ते अर्ध्या तासात आले. रेनकोटमधून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता आरडाओरडा करणार. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. मुलीला बघून बाहेर आले आणि विचारलं, "आयोजक कोण?"

"तसं कोणी आयोजक नाही काका," आमच्यातला एक म्हणाला, "आमचा फक्त ग्रुप आहे."

"हॉल कोणाच्या नावावर घेतला होता?"

"माझ्या," मी म्हटलं.

"मग तुम्ही. किती माणसं मावतात तिथे?"

"चाळीस."

"आणि किती होती?"

मी उत्तर दिलं. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी पोलिसांत तक्रार केली नाही. त्या एका वाक्याने मात्र माझी चार रात्रींची झोप घालवली. पाचव्या दिवशी मी कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका मैत्रिणीला गाठलं, कॉफी पाजली आणि सगळं सांगितलं. मग स्वतःही वाचत बसले. जे कळलं ते इथे लिहितेय, कारण 'जागा मी बघतो' म्हणणारा एक तरी प्राणी तुमच्याही ग्रुपमध्ये असणार. कदाचित तो तुम्हीच असाल.

ग्रुपवर केस होत नाही, माणसावर होते

पहिला धक्का हा. रजिस्टर्ड सोसायटी असेल तर तिला कायद्यात स्वतःचं अस्तित्व असतं. नुसत्या ग्रुपला ते नसतं. हजार मेंबर असोत, झकास लोगो असो, कायद्याच्या नजरेत तो ग्रुप म्हणजे सुटी सुटी माणसं. मग बोट कोणाकडे जातं? ज्याने जागा घेतली, पैसे गोळा केले, 'या' म्हणून मेसेज टाकला त्याच्याकडे. माझ्या बाबतीत तिन्ही मीच होते.

दुसरा धक्का. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे जुन्या भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १२५ व्या कलमात, बेदरकार किंवा निष्काळजी वागण्याने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हाच गुन्हा आहे. कोणाला काही झालं नाही तरी तीन महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत, जबर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. आणि हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येत जबर दुखापत आहे. माऊचं मनगट म्हणजे माझ्यासाठी 'छोटासा अपघात' होता. कायद्याच्या पुस्तकात त्याची पायरी बरीच वरची निघाली. माणूस गेला तर १०६ वं कलम, पाच वर्षांपर्यंत. जुन्या कायद्यात हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती.

घाबरू नका. मैत्रीण म्हणाली, कोणी पाय घसरून पडलं की लगेच आयोजक आत, असं होत नाही. फौजदारी कोर्टात साधी चूक पुरत नाही, ढळढळीत बेफिकिरी दिसावी लागते. नुकसानभरपाईच्या दाव्यात प्रश्न असतो की शहाण्या माणसाने जेवढी काळजी घेतली असती तेवढी तुम्ही घेतली का. "आणि तिथे," ती माझ्या मोबाइलमधला तो फोटो बघत म्हणाली, "नियमांचा कागद तू वाचला होतास याचा पुरावा तूच ग्रुपवर टाकलायस. सत्तावीस साक्षीदारांसकट!"

'हॉल काय आमचा होता?'

हे माझं पुढचं आर्ग्युमेंट. हॉल संस्थेचा, वायरिंग संस्थेचं, जिना संस्थेचा. ते काही अंशी खरंही आहे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याची जबाबदारी. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, तपासणीचा दाखला घ्यायचा असतो. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. हॉल बघायला जाल तेव्हा एसी आहे का, हे विचारण्याआधी फॉर्म बी आहे का ते विचारा. उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघूनच बरंच काही कळतं.

पण मालकाची जबाबदारी आहे म्हणून आयोजक सुटत नाही. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवाली गावात एका शाळेचं वार्षिक बक्षीस समारंभाचं गॅदरिंग होतं. जागा भाड्याची, एक मंगल कार्यालय. मांडवाला आग लागली. गर्दी प्रचंड, बाहेर पडायची वाट अपुरी. ४४२ जीव गेले, त्यात बहुतेक शाळेतली मुलं. प्रकरण पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेलं. २००९ च्या निकालात शाळेच्या व्यवस्थापनालाही भरपाईसाठी जबाबदार धरलं गेलं. जागा दुसऱ्याची होती, एवढं म्हणून हात झटकता आले नाहीत. कार्यक्रमाला बोलावणाऱ्यानेही ती जागा तेवढ्या माणसांसाठी सुरक्षित आहे का, हे बघायचं असतं.

दुसरं प्रकरण दिल्लीच्या उपहार थिएटरचं. १३ जून १९९७, 'बॉर्डर'चा शो. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली, धूर वर बाल्कनीत गेला आणि ५९ माणसं गेली. बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या बसवताना येण्याजाण्याची वाट अरुंद झाली होती आणि बाहेर पडायचं एक दार बंद झालं होतं. जास्तीच्या खुर्च्या! शेजारच्या खोलीतून मी ओढून आणल्या होत्या, तशाच. फरक इतकाच की आमच्याकडे खरी आग नव्हती.

हे वाचल्यावर 'मागील दार मोकळे ठेवावे' या ओळीचं मला हसू येईना. असल्या कंटाळवाण्या नियमांच्या मागे बहुतेक वेळा कोणीतरी जीव गमावलेला असतो.

मग बागेत भेटू या की!

हॉलची कटकट नको म्हणून बरेच ग्रुप मोकळ्यावर भेटतात. छप्पर नाही, भाडं नाही, नियमांचा कागद नाही. असं आपल्याला वाटतं. महापालिकेच्या बागेत पाच मित्र गप्पा मारत बसले तर कोणी हटकत नाही. पन्नास माणसं, बॅनर आणि स्पीकर घेऊन बसलात की तो कार्यक्रम होतो आणि त्याला परवानगी लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली जमावबंदीचे आदेश निघतात. मुंबईत तर ते वरचेवर निघत असतात. लग्न, थिएटर, संस्थांच्या सभा अशांना त्यात सूट असते. रस्त्यावरच्या जमावाला नसते. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो वाजवायचा नाही, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे.

पबमध्ये भेटणाऱ्यांसाठीही एक. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, बाकी मद्यासाठी २५. दारात आयकार्ड मागणाऱ्यावर चिडू नका. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा अल्पवयीन मुलाला दारू दिल्याबद्दल बारवाल्यांनाही अटक झाली होती. त्यानंतर दारातला माणूस कडक झाला असेल तर त्यात त्याचं काय चुकलं?

आणि ट्रेक. वीकेंडला सह्याद्रीत निघणारे अर्धे लोक एकमेकांना शिवाजीनगरच्या बसस्टॉपवर पहिल्यांदा भेटतात. ११ मार्च २०१८ ची गोष्ट त्या सगळ्यांनी वाचावी. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणवा लागला आणि ट्रेकला गेलेले तरुण त्यात सापडले. एकूण २३ जणांचा जीव गेला. त्यातला एक गट चेन्नई ट्रेकिंग क्लबबरोबर गेला होता. नेटवर सभासद जमवून, स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारा लोकप्रिय क्लब. ज्या वाटेने ते गेले तिची परवानगी होती का, हा प्रश्न लगेच पुढे आला आणि क्लबच्या संस्थापकावर गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने ट्रेकिंगसाठी वेगळे नियम काढले. आपल्याकडेही २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. 'आम्ही काय कंपनी आहोत का, दोस्तमंडळी आहोत' हे वाक्य टेकडीवर खपतं. अपघातानंतर त्याचा उपयोग होत नाही.

'ओन रिस्क'चा फंडा

आमच्या ग्रुपवर एका हुशार माणसाने तोडगा काढला. प्रत्येकाकडून लिहून घ्यायचं, 'मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे, काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत.' सही? मिटलं!

नाही मिटत. मैत्रीण चक्क हसली. गुन्हा हा सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. जखमी माणसाने आधीच माफ केलंय, असा कागद दाखवून निष्काळजीपणा पुसला जात नाही. भरपाईच्या दाव्यातही असा कागद आयोजकाला सरसकट मोकळं सोडत नाही. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. चढण अवघड आहे, दम्याचा त्रास असेल तर येऊ नका, असं तुम्ही आधी स्पष्ट सांगितलं होतं, हे त्यातून दिसतं. म्हणजे धोका सांगण्यासाठी कागद घ्या. काळजी न घेण्याची सोय म्हणून घेऊ नका.

पैशाचंही तसंच. 'आम्ही नफा कुठे घेतो?' हे ग्राहक कायद्यात कामाला येऊ शकतं, कारण फुकट दिलेली सेवा त्या कायद्यात बसत नाही. पण १०६ आणि १२५ या कलमांना तुम्ही फायदा कमावला की पदरचे घातले, याच्याशी देणंघेणं नसतं.

आता आम्ही काय करतो

ग्रुपवर या सगळ्यावरून जाम वाजलं. 'मजा गेली', 'हापिसात काय कमी फॉर्म भरतो?' असे मेसेज आले. दोघं तर ग्रुप सोडून गेले. तरी ठरलं ते ठरलं. तुमच्या उपयोगाचं असेल तर घ्या.

जागा दोघांच्या नावावर घ्यायची. एकटा माणूस गर्दीच्या भरात 'जाऊ दे ना' म्हणतो, दुसरा त्याला अडवतो.

हॉलचा नियमांचा कागद पूर्ण टाकायचा. फक्त विनोदी ओळ टाकायची नाही.

क्षमता ४० असेल तर नावं ३५ घ्यायची. 'बघू' हे उत्तर बाद. रूममेट आणायचा असेल तर त्याचंही नाव आधी.

खरं नाव आणि घरच्या एका माणसाचा नंबर दिल्याशिवाय यादीत नाव नाही. ज्यांना ग्रुपवर नाव उघड करायचं नाही, त्यांनी ते फक्त आम्हा दोघांना द्यायचं. एका बंद पाकिटात यादी असते. भेट संपली की फाडून टाकतो. कोणाचं नाव जपणं हीसुद्धा जबाबदारीच आहे, विशेषतः मुलींचं.

पोचल्यावर पहिली पाच मिनिटं. मागचं दार स्वतः उघडून बघायचं. कुलूप असेल तर किल्ली येईपर्यंत कार्यक्रम सुरू नाही. जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि गाडी कोणाकडे आहे, हे सगळ्यांसमोर सांगायचं. विमानातली एअर होस्टेस सांगते तसं. लोक हसतात. हसू देत.

मोठी भेट असेल तर एका दिवसाच्या कार्यक्रमासाठीही पब्लिक लायबिलिटीचा विमा मिळतो. चौकशी करा.

आणि काही झालंच तर त्या माणसासोबत हॉस्पिटलमध्ये थांबायचं. घरच्यांनी 'आयोजक कोण?' विचारलं की एकमेकांकडे बघायचं नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा 'अदलाबदल' झाली. तोच हॉल. काकांनी तोच कागद पुढे केला आणि माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मी चौदाही नियम वाचले, मग सही केली. माझ्या सहीखाली दुसरी सही माऊची होती. प्लॅस्टर निघालंय, अक्षर थोडं वाकडं येतं. तिचं खरं नाव मी पहिल्यांदा तिथे लिहिलेलं बघितलं. फार सुंदर नाव आहे, पण ते इथे सांगणार नाही.

दारात यादी घेऊन तीच उभी होती. अकराच्या सुमारास चिंचवडहून एक गृहस्थ आले, साठीचे, भिजलेले, हातात पुस्तकांची जड पिशवी. यादीत नाव नाही आणि आत चाळीस पूर्ण. माऊने माझ्याकडे बघितलं. एक माणूस, बॉस! एकाने काय होतंय?

"काका, आत्ता जागा नाहीये," ती म्हणाली, "कोणी बाहेर पडलं की लगेच बोलावते." त्यांच्यासाठी खाली व्हरांड्यात खुर्ची टाकली, चहा दिला. वीस मिनिटांनी दोघं निघाले तेव्हा ते वर आले. रागावले होते थोडे. जाताना मात्र पाचऐवजी सात पुस्तकं घेऊन गेले, त्यामुळे हिशेब फिटला.

सेलोटेपचा नियम मला अजूनही विनोदी वाटतो. पण भिंतीला काही चिकटवलं नाही.